मे महिन्यातली गाडी आणि डिसेंबरमधली गाडी



मागच्या भागात आपण लाँच आणि गिअर रेशोबद्दल बोललो. त्यानंतर आलेल्या मेसेजेसमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आलाय: "माझी गाडी पाव मैलाला इतके सेकंद घेते, बरी आहे का वेळ?" कुणी साडेतेरा लिहिलंय, कुणी सोळा, एकाने तर टाइम स्लिपचा फोटोच पाठवलाय. पण ही वेळ कुठे काढली, कोणत्या महिन्यात, किती वाजता, हे जवळजवळ कुणीच लिहिलेलं नाही. ते माहीत नसेल तर मला उत्तर देता येत नाही. टाळत नाहीये, खरंच देता येत नाही. का, ते आज सांगतो.

नवीन श्रोत्यांसाठी थोडक्यात. ड्रॅग स्ट्रिप म्हणजे सरळ पट्टा, जुन्या हिशोबाने पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. सुरुवातीपासून शेवटच्या रेषेपर्यंत लागलेली वेळ म्हणजे ईटी. शेवटच्या टप्प्यातला वेग म्हणजे ट्रॅप स्पीड. बस, एवढं पुरे.

आता इंजिनकडे येऊ. आपण म्हणतो इंजिन पेट्रोलवर चालतं. पण एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त टाकणं सोपं असतं, इंजेक्टर मोठा लावला की झालं. अडतं ते हवेपाशी. दीड लिटरचं इंजिन ६,००० आरपीएमला फिरत असेल तर ते सेकंदाला ७५ लिटरच्या आसपास हवा ओढतं. हा आकडा जागेचा आहे, आणि जागा बदलत नाही, सिलिंडर तेवढाच राहतो. पण जाळण्यासाठी उपयोग होतो तो हवेच्या वजनाचा. म्हणजे इंजिन माल लिटरवर घेतं आणि काम किलोवर करतं. त्या ७५ लिटरमध्ये किती ग्रॅम हवा बसली, तो सगळा खेळ.

किती ग्रॅम बसणार हे तीन गोष्टींवर ठरतं: दाब, तापमान आणि दमटपणा. प्रमाण हवामानात, म्हणजे समुद्रसपाटीला, १५ अंश सेल्सिअसला आणि कोरड्या हवेत, एका घनमीटर हवेचं वजन १.२२५ किलो भरतं. उंचीवर गेलात की दाब कमी होतो, वजन घटतं. तापमान वाढलं की हवा पसरते, वजन घटतं. ही दोन्ही कुणालाही पटतात.

तिसरी पटत नाही. आपण दमट दिवसाला "हवा जड झालीय" म्हणतो, आणि अंगाला ती तशी वाटतेही. प्रत्यक्षात दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याच्या रेणूचं वजन १८, नायट्रोजनचं २८, ऑक्सिजनचं ३२. वाफ हवेत शिरते ती या दोघांना बाजूला सारून. दुधात पाणी घालण्यासारखंच आहे. कॅन भरलेला दिसतो, लिटरही तेवढेच भरतात, पण दूध कमी आलेलं असतं. जून महिन्यात मुंबईला ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर हवेच्या दाबातला जवळजवळ ४ टक्के वाटा नुसत्या वाफेचा असतो. तेवढा ऑक्सिजन गेला.

यातून एक गंमत निघते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. त्यामुळे पुण्यातली हवा मुंबईपेक्षा विरळ असणार हे कुणीही सांगेल. पण जानेवारीत पहाटे १२ अंशांना पुण्यात उभे राहा, आणि त्याची तुलना जूनमधल्या त्या दमट मुंबईशी करा. कोरड्या हवेची घनता पुण्यात १.१५ च्या आसपास येते आणि मुंबईत १.११. म्हणजे डोंगर चढून आलेल्या गाडीला जास्त ऑक्सिजन मिळतोय. ऋतूने उंचीवर मात केली.

विमान चालवणारे लोक हे सगळं एका आकड्यात बसवतात, त्याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. साध्या शब्दांत: आत्ता इथे जितकी विरळ हवा आहे, तितकी प्रमाण हवामानात किती उंचीवर असती? ड्रॅग रेसिंगवाल्यांनी हा आकडा वैमानिकांकडून सरळ उचलला. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. ऍम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' भरत आल्यामुळे महाराष्ट्रातल्या बऱ्याच जणांच्या वेळा सह्याद्रीच्या त्या पट्ट्यातल्याच आहेत. मी हिशोबासाठी लोणावळ्याची उंची धरतो, ६२० मीटर. डिसेंबरची सकाळ, १२ अंश: डेन्सिटी अल्टिट्यूड येते ६९० मीटर. म्हणजे जवळपास खरी उंची. तीच जागा, मेमधली दुपार, ३७ अंश, ३० टक्के आर्द्रता: जवळजवळ १,६०० मीटर. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे. लोणावळ्यात स्टार्ट लाइनला उभी असलेली गाडी श्वास मात्र कळसूबाईवर घेतेय.

बरं, मग सेकंदांत किती फरक? इथे आपलं नशीब जरा चांगलं आहे. ताकद १० टक्क्यांनी घटली म्हणून वेळ १० टक्क्यांनी वाढत नाही. ठरावीक ताकदीने ठरावीक अंतर कापायला लागणारा वेळ ताकदीच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. बीटेकच्या पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समध्ये हे दोन ओळींत निघतं, आणि ड्रॅग रेसिंगमधली जुनी ठोकताळ्याची सूत्रंही याच घनमुळावर उभी आहेत. लक्षात ठेवायला सोपं: ताकदीत जितके टक्के बदल, वेळेत त्याच्या साधारण एक तृतीयांश.

ताकद किती घटते यात मात्र एक मेख आहे. वरच्या उदाहरणात कोरड्या हवेची घनता डिसेंबर ते मे ९ टक्क्यांनी पडते. पण इंजिनची ताकद तेवढी पडत नाही. हवा इनटेकमधून सिलिंडरपर्यंत जाताना तापतेच, त्यामुळे बाहेरच्या तापमानाचा पूर्ण फरक आत पोहोचत नाही. एसएईचं जे१३४९ नावाचं मानक आहे, त्याच्या सूत्रात म्हणूनच तापमानाचं वर्गमूळ घेतात. त्या सूत्रात हेच आकडे घातले की घट ६ टक्के येते. म्हणजे वेळेत २ टक्के. डिसेंबरमध्ये १३.०० मारणारी नॅचरली ॲस्पिरेटेड गाडी मेमध्ये १३.२७ च्या आसपास मारणार. ड्रायव्हर तोच, टायर तेच, पेट्रोलही तेच.

पाव सेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटत असेल तर आता पैशाचं ऐका.

माझ्या एका मित्राकडे दीड लिटरची पेट्रोल सेडान आहे, टर्बो नसलेली. त्याने मे महिन्यात घाटमाथ्यावरच्या एका बंद धावपट्टीवर रन मारले. सगळ्यात चांगली वेळ १७.९, ट्रॅप स्पीड १२७. मग पावसाळ्यात त्याने इनटेक, एक्झॉस्ट आणि रिमॅप असं पूर्ण किट बसवून घेतलं. साठ हजारांच्या वर गेले. डिसेंबरमध्ये त्याच पट्टीवर सकाळी साडेसातला १७.५ आणि १३०. फोनवर ओरडलाच, "अरे, चार दशांश! पैसे वसूल!" ट्यूनरनेही ती स्लिप स्वतःच्या पेजवर आधी-नंतर म्हणून लावली.

मी त्याला दोन्ही दिवसांचं तापमान विचारलं. मेमध्ये दुपारचे ३७, डिसेंबरमध्ये सकाळचे १२. मी वर सांगितलेला हिशोब त्याच्याच गाडीवर लावला. काहीही न बसवता, फक्त हवा बदलून, १७.९ चे किती होतात? १७.५३. ट्रॅप स्पीड १२७ चा किती होतो? १२९.७. किटच्या वाट्याला उरले तीन शतांश सेकंद. एकाच गाडीचे लागोपाठ दोन रन घेतले तरी त्यांच्यात याहून जास्त फरक पडतो. क्लच जरा वेगळा सुटला, टाकीत दहा लिटर पेट्रोल जास्त असलं, की झालं.

याचा अर्थ किट निरुपयोगी आहे असा मी काढत नाहीये. या दोन स्लिपांवरून ते कळूच शकत नाही, एवढंच. आणि ट्यूनर लबाड होता असंही मला वाटत नाही, त्याला स्वतःलाच ते खरं वाटलं असणार. पण जो माणूस साठ हजार रुपये देतोय त्याला कळायला हवं की तो गाडीतला बदल विकत घेतोय की ऋतूतला. कळायचा मार्गही अवघड नाही. एकाच सकाळी तीन रन जुन्या सेटअपवर, तीन नव्यावर, आणि जमलं तर परत दोन जुन्यावर. रिमॅप असेल तर तो लॅपटॉपवरून काही मिनिटांत आत-बाहेर करता येतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याशिवाय साधं बटणसुद्धा बदलत नाही, आणि बटणाला साठ हजार पडत नाहीत.

डायनोबद्दलही हेच. प्रिंटआऊट हातात आला की खाली कोणतं करेक्शन लिहिलंय ते बघा. जे१३४९ हे २५ अंश आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेवर बेतलेलं आहे. जुनं जे६०७ हे साडेपंधरा अंशांवर. त्याच गाडीचा आकडा जुन्या मानकाने ४ टक्क्यांच्या आसपास जास्त दिसतो. आधीचा प्रिंट एका मानकाचा आणि नंतरचा दुसऱ्याचा असेल, तर गाडीला हात न लावता ताकद वाढते!

आता करेक्शन करायचं म्हटलं तर आकडे लागतात, आणि इथे बरेच जण फसतात. हवामानाच्या ॲपमध्ये जो दाब दिसतो तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. हवामान खात्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, नाहीतर नकाशावर महाबळेश्वर कायम कमी दाबाचा पट्टा दिसलं असतं. पण ॲप पुण्यात १०१३ दाखवतं तेव्हा तिथला खरा दाब ९४८ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. १०१३ सरळ सूत्रात घातलं की सगळा हिशोब ७ टक्क्यांनी चुकतो, म्हणजे ज्या फरकाच्या मागे आपण लागलोय त्याच्याहून मोठी चूक. बऱ्याच फोनमध्ये बॅरोमीटरचा सेन्सर असतो. तो दाखवणारं साधं ॲप घ्या, तो जागेवरचा खरा दाब देतो.

हवेचा खेळ पूर्ण ताकदीने बघायचा असेल तर अमेरिकेत जायला हवं, आणि आता तेही उशिराच म्हणायचं. कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ मॉरिसनला बँडिमिअर स्पीडवे नावाची ड्रॅग स्ट्रिप होती. १९५८ पासून एकाच कुटुंबाची, २०२३ च्या हंगामानंतर बंद झाली. उंची ५,८०० फूट, म्हणजे १,७७० मीटर, कळसूबाईपेक्षाही वर. एनएचआरए ही तिथली मोठी ड्रॅग रेसिंग संघटना, तिचे माइल-हाय नॅशनल्स इथे व्हायचे, आणि तेही भर उन्हाळ्यात, जुलैमध्ये. ३५ अंशांना तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड ९,००० फुटांवर जाते.

प्रो स्टॉक वर्गातल्या गाड्यांना टर्बो नाही, सुपरचार्जर नाही. ५०० घन इंचांचं, म्हणजे ८.२ लिटरचं इंजिन, आणि बाहेरची हवा. एरवी साडेसहा सेकंदांत पाव मैल मारणाऱ्या या गाड्या डेन्व्हरला ६.९ ते ७ सेकंद घ्यायच्या. मला यातला हिशोब फार आवडतो. हवेची घनता प्रमाण हवेच्या पाऊणपट राहते. घनमुळाने ६.५ चे ७.१ व्हायला हवेत. प्रत्यक्षात त्याहून कमी. ते दशांश कुठून परत मिळाले? विरळ हवा अडवतेही कमी. या गाड्या शेवटाला ताशी ३०० किलोमीटरच्या वर असतात, तिथे हवेचा रोध प्रचंड असतो. हवा एका हाताने काढून घेते आणि दुसऱ्या हाताने थोडं परत देते. आपल्या १३० च्या ट्रॅप स्पीडला हे परत मिळणं अगदी किरकोळ.

टॉप फ्युएल गाड्यांचं गणित वेगळं. त्या नायट्रोमिथेन जाळतात, आणि नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून हवा तुलनेने फार कमी लागते. शिवाय वर सुपरचार्जर. डेन्व्हरला टीम्स त्या सुपरचार्जरची पुली बदलून तो जास्त वेगाने फिरवायच्या आणि बरंचसं नुकसान भरून काढायच्या.

यावरून आपल्या टर्बो गाड्यांकडे येऊ, कारण इथेच आजकाल जास्त थापा चालतात. टर्बो गाडीचा ईसीयू ठरलेला बूस्ट गाठायचा प्रयत्न करतो. बाहेर दाब कमी असेल तर टर्बाइन जास्त फिरते आणि कमतरता भरून काढते. समजा इनटेकमध्ये २ बार दाब हवाय. समुद्रसपाटीला कॉम्प्रेसरला हवा दुप्पट दाबावी लागते, लोणावळ्याला २.१ पट, डेन्व्हरला जवळजवळ अडीच पट. जास्त दाबली की हवा जास्त तापते, इंटरकूलरवर भार येतो, ईसीयू इग्निशन मागे घेतो. म्हणून टर्बोलाही नुकसान होतं, पण उंचीचं नुकसान नॅचरली ॲस्पिरेटेडपेक्षा बरंच कमी. उष्णतेचं मात्र टर्बोला जास्त झोंबतं. मेमध्ये लागोपाठ तीन रन मारले की तिसऱ्याला इंटरकूलर भाजलेला असतो.

आणि तरीही लोक टर्बो गाडीच्या वेळेला नॅचरली ॲस्पिरेटेडचं करेक्शन लावतात. इन्स्टाग्रामवर "१२.९, डीए करेक्टेड" असं लिहितात. खाली स्लिपवर १३.४. गाडीने उंचीवर जे गमावलंच नाही ते परत मागायचं, असा हा प्रकार. माझं मत विचाराल तर स्लिपवर आहे ती वेळ. करेक्शन तुलना करायला वापरा, दोन गाड्यांच्या किंवा एकाच गाडीच्या दोन दिवसांच्या, पण मिरवायला स्लिपच. आणि एक निरीक्षण: डिसेंबरच्या गार सकाळी मारलेल्या रनला प्रामाणिकपणे करेक्शन लावून कुणी स्वतःची वेळ वाढवून सांगितलीय, असं मी अजून पाहिलेलं नाही.

गार हवा म्हणजे सगळं छान, असंही नाही. गार सकाळी पट्टाही गार असतो, टायर चिकटत नाहीत. ताकद जास्त आणि पकड कमी, म्हणजे पहिल्या ६० फुटांत चाक फिरतं आणि हवेने दिलेलं सगळं तिथेच जातं. पहाटे दव असेल तर रन मारूच नका, तिथे वेळेपेक्षा जिवाचा प्रश्न येतो. उलट मेच्या दुपारी काँक्रीट इतकं तापतं की वरचा रबराचा थर बुळबुळीत होतो. बँडिमिअरला तर सुरुवातीच्या भागाखाली थंड पाणी फिरवून पट्टा गार ठेवायची सोय केलेली होती. म्हणून हवेचा परिणाम बघायचा असेल तर ईटीपेक्षा ट्रॅप स्पीडवर जास्त विश्वास ठेवा. लाँच बिघडला की ईटी लगेच बिघडते, ट्रॅप स्पीड फारसा हलत नाही. त्याच्यावर ताकदीची सही जास्त स्पष्ट असते.

अमेरिकेत हवेचा अंदाज हाच खेळ असलेला एक प्रकार आहे, ब्रॅकेट रेसिंग. तुमची गाडी किती सेकंद घेईल हे तुम्ही आधी जाहीर करायचं, काचेवर मोठ्या अक्षरांत लिहायचं. हळू गाडीला तेवढं आधी सोडतात. जाहीर केल्यापेक्षा जास्त वेगाने पळालात तर तुम्ही बाद, त्याला ब्रेकआऊट म्हणतात. त्यामुळे तिथे घरच्या गॅरेजमध्ये बनवलेल्या जुन्या गाडीचा मालकही ट्रेलरवर छोटं हवामान केंद्र लावून बसलेला असतो. दुपारी ढग आला, तापमान तीन अंशांनी पडलं, की काचेवरचा आकडा पुसून नवा लिहायचा. मला व्यक्तिशः हा प्रकार सगळ्यात वेगवान गाडीच्या स्पर्धेपेक्षा जास्त आवडतो. आपल्याकडे याला वाव आहे, कारण यात महागडी गाडी लागत नाही. आपली गाडी आणि आपली हवा ओळखता यावी लागते.

इलेक्ट्रिक गाड्यांवर प्रश्न येणारच. मोटरला ऑक्सिजन लागत नाही, त्यामुळे उंचीवर ताकद जात नाही आणि हवेचा रोध मात्र कमी होतो. पाइक्स पीकच्या चढणीवर २०१८ मध्ये फोक्सवॅगनच्या इलेक्ट्रिक आयडी. आर गाडीने ७ मिनिटं ५७.१४८ सेकंदांचा विक्रम केला, तिथला शेवट ४,३०२ मीटरवर आहे. त्यात हाही एक भाग होता. पण बॅटरीचं तापमान हा त्यांचा स्वतंत्र डोकेदुखीचा विषय आहे, त्यावर वेगळा भाग करू.

तर ज्यांनी वेळा पाठवल्यात त्यांनी परत पाठवा, आणि यावेळी सोबत ठिकाण, तारीख, वाजले किती, तापमान, आर्द्रता आणि फोनच्या सेन्सरवरचा दाब लिहा. गाडी टर्बो आहे की नाही तेही. ॲपमधला १०१३ नको! मी हा हिशोब पायथनच्या छोट्या स्क्रिप्टमध्ये बसवलाय, पुढच्या भागात आलेल्या सगळ्या वेळा त्यातून काढून वाचून दाखवतो. डिसेंबरवाल्यांच्या वेळाही करेक्ट करणार आहे, तयारीत राहा. आणि रन बंद पट्टीवरच मारा, एक्स्प्रेसवेवर काढलेली वेळ पाठवलीत तर ती मी वाचणार नाही.

भेटूया.